बारा घरांच्या कॅल्क्युलेटरवर एक भागिले सत्त्याण्णव

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरील एका स्टेशनरीच्या दुकानात, काउंटरवर काढून ठेवलेल्या तीन कॅल्क्युलेटरांवर मी पाठोपाठ एकच गणित केले: १ ÷ ८१. खिशात मावणाऱ्या आठ आकडी यंत्राने ०.०१२३४५६ असे उत्तर दिले. टेबलावर ठेवण्याच्या बारा आकडी यंत्राने ०.०१२३४५६७९०१ असे दिले. तिसरे यंत्रही बारा आकडीच होते, पण त्याची दशांश स्थळांची सरकती कळ कोणीतरी ‘२’ वर नेऊन ठेवली होती, त्यामुळे त्यावर नुसते ०.०१ उमटले. ते यंत्र बिघडले आहे असा माझा समज झाला असावा, असे वाटून दुकानदाराने “काका, बिघडलेला नाही, ही कळ सरकवा” असे घाईघाईने सांगितले. मी दुसरे यंत्र घेतले. त्याला ४८० रुपये पडले.

गेले पाच महिने मी ते यंत्र रोज वापरत आहे. ज्यांना दुकानाची बिले करायची आहेत त्यांना या परीक्षणाचा फारसा उपयोग होणार नाही. अपूर्णांकाचा भागाकार करत गेल्यावर दशांश चिन्हापुढे ज्या संख्यामालिका निघतात त्या पाहण्याचा ज्यांना नाद आहे, किंवा घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला तो नाद लावायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि ती एका नगाविषयीची आहे, साऱ्या मालाविषयीची नव्हे.

आधी आठ आकडी यंत्राबद्दल सांगतो, कारण ते स्वस्त आहे आणि त्याचे उत्तर दिसायला अधिक देखणे आहे. १, २, ३, ४, ५, ६ असे ओळीने आलेले आकडे पाहून पाहणारा खूश होतो आणि पुढे ७, ८, ९ येणारच असे गृहीत धरून यंत्र बंद करतो. बारा आकडी यंत्र मात्र पुढे जाऊन ७ नंतर एकदम ९ दाखवते. माझ्या सातवीतल्या भाचीने ते पाहताच “मामा, आठ कुठे गेला?” असे विचारले, आणि या सगळ्या प्रकरणातला विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे. १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, म्हणजेच ०.१११११… या संख्येला तिनेच गुणणे. हा गुणाकार हाताने मांडला तर दुसऱ्या दशांश स्थळी १, तिसऱ्या स्थळी २, चौथ्या स्थळी ३ अशी बेरीज येत जाते. दहाव्या स्थळी ९ येतात आणि अकराव्या स्थळी १० येतात. एका घरात दहा मावत नाहीत, म्हणून हातचा एक डावीकडे जातो. तो नवात मिळवल्यावर तिथेही दहा होतात, तिथे शून्य उरते आणि हातचा एक आणखी डावीकडे जाऊन आठाचा नऊ करतो. म्हणजे आठ गळलेला नाही; आपल्याला दिसणारा नऊ हाच मुळातला आठ आहे, आणि मुळातला नऊ त्याच्या शेजारी शून्य होऊन बसला आहे. हे समजण्यासाठी किमान दहा दशांश स्थळे दिसावी लागतात. आठ आकडी यंत्र सहावरच थांबते, त्यामुळे त्यावर हा प्रश्न पडतच नाही, आणि तेवढ्या एका कारणासाठी मी ते नाकारले.

मुंबईकर वाचकाला या १/८१ ची आणखी एक खूण सांगायला हवी. १, ११, १११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग १, १२१, १२३२१ असे चढते-उतरते येतात. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक असलेले आणि ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत झालेले द. रा. कापरेकर यांनी या घराण्यातल्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. डेम्लो हे जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. रोज त्या फलाटावर लोकलची वाट पाहणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, असा विचार माझ्या मनात येतो. बारा घरांच्या यंत्रावर सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१ हा नेमका बसतो, कारण तो अकरा आकडी आहे. सात एकांचा वर्ग तेरा आकडी होतो, आणि मग यंत्र कोपऱ्यात ‘ई’ हे अक्षर दाखवून हात वर करते. १/८१ हा एका अर्थी न संपणाऱ्या एकांचा वर्ग आहे. त्याचा चढ दिसतो, उतार कधीच येत नाही.

आता या यंत्राच्या खऱ्या गुणाकडे वळतो. दशांश स्थळांची कळ ‘एफ’ वर, म्हणजे स्थळांची संख्या न बांधता, ठेवली की हे यंत्र न मावलेले आकडे सरळ छाटून टाकते. शेवटचा आकडा वाढवून तो पूर्ण करण्याच्या फंदात ते पडत नाही. याचा पुरावा पाहायचा असेल तर १ ÷ ७ करून आलेल्या उत्तराला ७ ने गुणावे. उत्तर १ यायला हवे. या यंत्रावर ०.९९९९९९९९९९५ येते. बँकेत वा हिशेब खात्यात काम केलेल्या माणसाला असे उत्तर पाहून राग येतो, आणि मीही आयुष्यभर अशा उत्तरांवर चिडलो आहे. पण ज्याला आकड्यांचा क्रम तपासायचा आहे त्याच्या दृष्टीने हा दोष नसून गुण आहे, कारण पडद्यावरचा प्रत्येक आकडा खरा असतो. वैज्ञानिक कॅल्क्युलेटर शेवटचा दिसणारा आकडा पूर्ण करून दाखवतात. १/४९ च्या उत्तरात खरे आकडे …३२६५ असे असताना तिथे …३२७ दिसते, आणि ते सात भागाकारातून आलेले नसून यंत्राने घातलेले असतात. मालिका शोधणाऱ्याने त्या सातावर विश्वास ठेवला तर पुढचे सगळे चुकते.

१/४९ हा माझा सर्वांत आवडता अपूर्णांक आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घेतो. यंत्र ०.०२०४०८१६३२६ असे उत्तर देते. आकडे दोन-दोनांच्या जोड्यांनी वाचले तर ०२, ०४, ०८, १६, ३२ अशी दुप्पट होत जाणारी मालिका दिसते. कारण सोपे आहे. १०० ला ४९ ने भागले की भाग २ जातो आणि बाकीही २ च उरते. पुढे २०० ला भागले की भाग ४, बाकी ४. ४०० ला भागले की भाग ८, बाकी ८. भागाकार आणि बाकी ही जणू जुळी भावंडे हातात हात घालून चालतात. १६०० ला ३२ चा भाग जाऊन ३२ उरतात. ३२०० च्या वेळी दोन्हीकडे ६४ यायला हवेत. पण बाकी भाजकापेक्षा मोठी राहू शकत नाही, म्हणून त्या ६४ मधून आणखी एक ४९ काढला जातो, भागाकार ६५ होतो आणि बाकी १५ उरते. इथे जुळ्यांची ताटातूट होते. पुढच्या जोड्या ३०, ६१, २२ अशा येतात आणि दुपटीचा मागमूस राहत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात दुप्पट चालूच असते. १२८ चा शतकाचा आकडा डावीकडच्या जोडीत मिसळतो, २५६ चा त्याच्या पुढच्या जोडीत, आणि म्हणून ६४ चे ६५ व २८ चे ३० होतात. १/७ मध्येही हेच दडलेले आहे, कारण १/७ म्हणजे १४/९८. १४, २८, आणि मग ५६ ऐवजी ५७, कारण ११२ मधला एक शेजारी आलेला आहे. शाळेत १४२८५७ पाठ केलेल्या किती जणांनी त्यात १४, २८, ५६ पाहिले असतील? मी तरी निवृत्तीनंतरच पाहिले.

बारा घरांच्या पलीकडचे आकडे कसे काढायचे, हा या यंत्राच्या उपयोगाचा गाभा आहे. पद्धत शाळेतल्या लांब भागाकाराचीच आहे, फक्त एकेका आकड्याऐवजी दहा-दहा आकड्यांचा घास घ्यायचा. भाजक ४९ हा ‘एम प्लस’ कळीने स्मृतीत ठेवावा. १ ÷ ४९ करून पहिली दहा दशांश स्थळे वहीत उतरवावीत: ०२०४०८१६३२. मग २०४०८१६३२ ला ४९ ने गुणावे, ९९९९९९९९६८ येतात. दहा अब्ज, म्हणजे एकावर दहा शून्ये, यातून ते वजा केले की ३२ उरतात. हीच बाकी. आता ३२ ÷ ४९ करावे, यंत्र ०.६५३०६१२२४४८ दाखवते आणि मालिका जिथे सोडली होती तिथूनच पुढे सुरू होते. पुन्हा दहा आकडे उतरवावेत, पुन्हा गुणून वजा करावे. यावेळी ३२०००००००००० मधून ३१९९९९९९९९५६ गेले की ४४ उरतात. दोन्ही संख्या बारा आकडी आहेत आणि यंत्रात काठोकाठ बसतात. दोन आकडी भाजकासाठी दहा-दहा आकड्यांचा घास घेण्याचे कारण हेच आहे. चौथ्या घासानंतर बाकी २५ येते, २५ ÷ ४९ करताच ५१ आणि त्यामागून पुन्हा ०२०४०८ दिसू लागते, आणि ४२ आकड्यांचा आवर्ती गट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा आकड्यांचा गट, पूर्ण होतो. पहिल्यांदा हे जमले तेव्हा चहा निवून गेला होता.

या कामात यंत्राच्या दोन सवयी त्रास देतात. स्मृतीतील संख्या बोलावण्याची कळ एकदा दाबली की संख्या येते, पण चुकून दोनदा दाबली गेली की स्मृतीच पुसली जाते, आणि भाजक पुन्हा भरावा लागतो. दुसरे असे की काही मिनिटे हात लावला नाही तर यंत्र आपोआप बंद होते. वहीत दहा आकडे उतरवून ते तपासेपर्यंत ते झोपी गेलेले असते. बाकी कागदावर लिहून ठेवणे हाच उपाय.

स्वल्पविरामांविषयीही दोन वाक्ये लिहायला हवीत. या यंत्रावर आपल्याकडच्या पद्धतीने लाख-कोटींचे स्वल्पविराम पडतात, म्हणजे १,४२,८५७. हिशेबाला ते उत्तमच. पण १/७ च्या आवर्ती गटाचे दोन समान भाग करून बेरीज केली तर १४२ + ८५७ = ९९९ येतात, आणि तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देणाऱ्या परदेशी पद्धतीच्या यंत्रावर हे भाग आपोआप पाडलेले दिसतात. भाजक मूळ संख्या असेल आणि आवर्ती गट सम लांबीचा असेल तर दोन अर्धुकांची बेरीज नेहमी नऊच नऊ येते; फ्रान्समधील मिडी याने १८३६ मध्ये हे प्रसिद्ध केले. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ येतो, तो यंत्रात मावतो, आणि त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन तुकडे करून बेरीज केली तर पुन्हा १४२८५७ मिळतात. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. पण त्या वर्गाची सुरुवात २०४०८ अशी का व्हावी? १/७ चा वर्ग १/४९ आहे, एवढे लक्षात घेतले की पुरे.

मिडीच्या या नियमाचा यंत्राच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. १/१९ चा आवर्ती गट १८ आकड्यांचा आहे, आणि यंत्र अकराच दशांश स्थळे दाखवते. पण अर्धा गट नऊच आकड्यांचा, ०५२६३१५७८. तो ९९९९९९९९९ मधून वजा केला की उरलेला अर्धा ९४७३६८४२१ एका झटक्यात मिळतो. या अठरा आकड्यांची उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते, हातचे धरून. ‘वैदिक गणित’ या पुस्तकाचे लेखक भारती कृष्ण तीर्थ यांच्या ‘एकाधिकेन पूर्वेण’ या सूत्राखाली हीच रीत शिकवली जाते आणि शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत ती वेदकालीन म्हणून झळकते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेले गणिती श्री. गो. दाणी यांनी या वैदिक दाव्याची सविस्तर चिकित्सा करून तो निराधार ठरवला आहे. रीत मात्र अचूक आहे, आणि तिला यंत्र लागतच नाही.

या पाच महिन्यांत ज्या एका भागाकाराने यंत्राची किंमत वसूल झाली, तो १ ÷ ९८९९ हा होय. त्याआधी १ ÷ ८९ करून पाहावे. उत्तर ०.०११२३५९५५०५ येते. १, १, २, ३, ५ इथपर्यंत प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज आहे. पुढे ८ हवेत तिथे ९ आहेत, कारण पुढच्या १३ मधला हातचा एक मध्येच येऊन बसला आहे. एकाच घरात दोन आकडी संख्या मावत नाही. तिला दोन घरे द्यायची तर ८९ च्या जागी ९८९९ घ्यावे लागतात. ८९ म्हणजे शंभरातून दहा आणि एक वजा. ९८९९ म्हणजे दहा हजारांतून शंभर आणि एक वजा. या मालिकेला जगभर फिबोनाचीचे नाव असले, आणि त्याचा ग्रंथ १२०२ चा असला, तरी आपल्याकडे विरहांक, गोपाळ आणि ११५० च्या सुमारास हेमचंद्राचार्य यांनी ती छंदःशास्त्रात आधीच मांडली होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन मात्रा. ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येते, याचे उत्तर १, २, ३, ५, ८, १३ असे येते, कारण ओळीचा शेवट एक तर लघूने होतो, नाही तर गुरूने.

यंत्रावर १ ÷ ९८९९ केले की पहिला अनुभव निराशेचा येतो. ०.०००१०१०२०३० एवढेच दिसते. निम्मी घरे शून्यांनीच अडवलेली असतात. भाजक चार आकडी असल्यामुळे इथे आठ-आठ आकड्यांचा घास घ्यावा लागतो. पहिल्या आठ आकड्यांनंतर, म्हणजे ०००१०१०२ उतरवून १०१०२ × ९८९९ हे दहा कोटींतून वजा केल्यावर, बाकी ३०२ येते. ३०२ ÷ ९८९९ चे उत्तर ०.०३०५०८१३२१३, म्हणजे ०३, ०५, ०८, १३, २१. पुन्हा आठ आकडे घेऊन बाकी काढली तर २११३ येते, आणि २११३ ÷ ९८९९ चे उत्तर ०.२१३४५५९०४६३, म्हणजे २१, ३४, ५५, आणि मग ९०. मी या बाक्या वहीत एकाखाली एक लिहिल्या होत्या, आणि दोन दिवसांनी त्याच वहीकडे पुन्हा पाहताना लक्षात आले की मालिका उत्तरात जितकी आहे, त्याहून अधिक उघडपणे ती बाकीत आहे. ३०२ म्हणजे ३ आणि २. २११३ म्हणजे २१ आणि १३. मग प्रत्येक जोडीनंतरची बाकी काढून पाहिली: १००, १०१, २०१, ३०२, ५०३, ८०५, १३०८, २११३, ३४२१, ५५३४, ८९५५. मालिकेतले दोन शेजारी प्रत्येक बाकीत खांद्याला खांदा लावून उभे आहेत. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: शंभराला शंभराने गुणले की दहा हजार, त्यातून ९८९९ गेले की १०१, म्हणजे शंभर आणि एक, शंभराची प्रत्येक पुढची पायरी आधीच्या दोन पायऱ्यांची बेरीज होते. ८९५५ नंतर १४४ आणि ८९, म्हणजे १४४८९ यायला हवेत. पण ते ९८९९ पेक्षा मोठे आहेत, म्हणून एक ९८९९ काढला जातो, बाकी ४५९० उरते आणि भागाकारात ८९ चे ९० होतात. मालिका कुठे आणि का मोडते, हे उत्तराकडे कितीही वेळ टक लावून कळले नसते.

आता तक्रार. तिसऱ्या महिन्यात शून्याची कळ एकदा दाबली तरी कधी कधी दोन शून्ये उमटू लागली. हिशेबात असे झाले तर रक्कम दसपट होते आणि चूक लगेच लक्षात येते. माझ्या कामात ते लक्षात आले नाही. मला १ ÷ ९८०१ करायचे होते, ज्याचे उत्तर ०.०००१०२०३०४० असे येते आणि ज्यात ०१, ०२, ०३, ०४ अशी ओळ असते. ती थेट ९७ पर्यंत जाऊन ९८ गाळून ९९ वर पोचते, १/८१ मध्ये आठ गळतो तशीच. पडद्यावर मात्र ०.००००१०२०३९७ आले. १, २, ३ इथपर्यंत बरोबर आणि मग एकदम ९७! मला वाटले की एखादी नवीच गंमत हाती लागली आहे, आणि अर्धा तास मी त्या ९७ चे कारण शोधत बसलो. यंत्राने मुळात ९८००१ ने भागले होते. पावती घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने कुरकुर न करता नग बदलून दिला, आणि नवा नग अद्याप नीट चालतो आहे. म्हणून माझी सूचना अशी की विकत घेताना ० आणि ९ या कळा वीस-पंचवीस वेळा दाबून पाहाव्यात, कारण या छंदात त्याच दोन कळा सर्वांत अधिक झिजतात.

फोनचा मुद्दा टाळता येणार नाही. अँड्रॉइड फोनवरील गूगलच्या कॅल्क्युलेटरमध्ये १ ÷ ४९ करून उत्तरावर बोट डावीकडे सरकवत गेले की पुढचे आकडे येतच राहतात, शेकड्यांनी, आणि तेही बिनचूक. ज्याला केवळ आकडे हवे आहेत त्याने ४८० रुपये वाया घालवू नयेत, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. मी स्वतः वहीतले सगळे गट त्यावरच पडताळून पाहतो. पण तिथे बाकी दिसत नाही, आणि माझी सगळी मजा बाकीत आहे, म्हणून मी टेबलावरच्या यंत्राकडे परत येतो. अपूर्णांकाच्या आवर्ती गटावर रेघ काढून दाखवणारे वैज्ञानिक कॅल्क्युलेटर मी मित्राकडे हाताळले. छोट्या छेदांसाठी ते छान आहेत, लांब गट त्यांच्या पडद्यावर मावत नाहीत.

सर्वांत लांबचा पल्ला मी १/९७ चा गाठला. शंभराच्या आतल्या २५ मूळ संख्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ या नऊच संख्यांचे आवर्ती गट शक्य तितके लांब, म्हणजे भाजकाहून एकाने कमी आकड्यांचे असतात. जर्मन गणिती गाउस याने १८०१ च्या आपल्या ग्रंथात अशा गटांचे कोष्टकच दिले आहे. १/९७ चा गट ९६ आकड्यांचा. मिडीच्या नियमाने त्यातले ४८ च काढावे लागतात, म्हणजे दहा-दहाचे चार घास आणि आठांचा एक. मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा धीम्या लोकलचा सुमारे तासाभराचा प्रवास, खिडकीची जागा, मांडीवर वही. सौरपट्टीला बोगद्याची भीती नाही, आत बॅटरीही आहे. सुरुवात ०१, ०३, ०९, २७ अशी तिपटीची, आणि मग ८१ च्या जागी ८३, हे अपेक्षितच होते.

बाक्या मात्र अपेक्षित नव्हत्या. पहिल्या दहा आकड्यांनंतर ४९ उरले, वीस आकड्यांनंतर ७३, तीसनंतर ८५, चाळीसनंतर ९१. दादर येईपर्यंत मी त्यांच्याकडे नुसता पाहत होतो. मग प्रत्येक बाकी ९७ ला किती कमी पडते ते समासात लिहिले: ४८, २४, १२, ६. सुरुवातीच्या १ ला ९७ गाठायला ९६ कमी पडतात, तेही त्याच ओळीत बसले. दहा आकडे पुढे गेले की तूट बरोबर निम्मी होते. याचे कारण असे की दहा अब्जांना ९७ ने भागल्यावर ४९ उरतात, आणि ४९ ची दुप्पट ९८, म्हणजे ९७ पेक्षा एकच अधिक. त्यामुळे या भागाकारात ४९ ने गुणणे म्हणजे अर्धे करणे होय. बारा घरांच्या यंत्रात दोन आकडी भाजकासाठी दहाचाच घास मावतो, म्हणून मी दहा-दहा घेत होतो. आठांचा किंवा बारांचा घास घेतला असता तर ही मालिका मला दिसली नसती. पन्नास आकड्यांनंतरची बाकी भागाकार न करताच ९४ लिहिली आणि मग यंत्रावर ताडून पाहिली. तूट आता तीन, तिचे अर्धे पूर्णांकात होत नाही, आणि गाडी मशीद बंदर सोडून पुढे निघाली होती.